‘त्रागा’ या शब्दाची कुळकथा

रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर उभे असलो की एखादी माउली आपल्या मुलाला दंडाला धरून पुढे आणते आणि म्हणते, “फादर, याला जरा दोन शब्द सांगा. साध्या साध्या गोष्टींवरून त्रागा करतो.” चौकशी केली की कळते, चिरंजीवांनी जेवणाचे ताट दूर सारले, स्वतःचीच वही फाडली आणि रात्री उशिरापर्यंत दाराबाहेर ओसरीवर बसून राहिले. आपण वापरला तो शब्द किती अचूक आहे, याची त्या माउलीला कल्पना नसते. मुलगा रागावला असता, तर त्याने दुसऱ्याची वही फाडली असती. त्याने स्वतःची फाडली, स्वतःचे पोट उपाशी ठेवले आणि घरातल्या सर्वांना दिसेल अशा जागी जाऊन बसला. याला मराठीत त्रागा म्हणतात. दुसरा शब्द येथे चालणार नाही.

मन बिघडल्याचे सांगणारे शब्द मराठीत विपुल आहेत. चीड, संताप, उबग, वीट, वैताग, रुसवा, जिकीर. प्रत्येकाची जागा निराळी. ‘राग’ हा मूळचा संस्कृत शब्द रंगाचा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ प्रीतीकडे झुकतो आणि ‘अनुराग’ या शब्दात तो आजही टिकून आहे. मराठीने मात्र त्यातला चेहऱ्यावर चढणारा तांबडेपणा तेवढा उचलला. ‘वीट’ याच्या अगदी उलट. लुगड्याचा रंग विटतो, तसे मन विटते. म्हणजे एका शब्दात रंग चढतो, तर दुसऱ्यात उतरतो. अशा शब्दांशी खेळत बसण्याचा आम्हाला नाद आहे आणि प्रवचनांत तो कधीकधी डोकावतो, हे आमचे धर्मग्रामस्थ जाणतात. पण ‘त्रागा’ या शब्दाशी आमची ओळख अशी खेळीमेळीने झाली नाही.

कानाला हा शब्द रागाचा धाकटा भाऊ वाटतो. यमक जुळते म्हणून आपण नाते जोडतो. खरे पाहता त्याचे घराणे वेगळे आहे. गुजरातीत ‘त्रागुं’ म्हणून जो शब्द आहे, तोच हा. काठेवाड, कच्छ आणि राजपुताना येथील भाट व चारण या जातींमध्ये त्रागा नावाचा एक रीतसर विधी होता. त्याला रक्त लागे.

भाट आणि चारण हे राजेरजवाड्यांची वंशावळ गाणारे लोक. त्यांचे रक्त सांडणाऱ्याचा निर्वंश होतो, अशी दृढ समजूत होती. या समजुतीवर त्या प्रदेशाचा बराचसा व्यवहार चाले. व्यापाऱ्यांचे तांडे लुटारूंच्या मुलखातून जाताना सोबत एखादा चारण असला की पुरे. लुटारू आडवे आले, तर तो कट्यार काढून स्वतःच्या दंडावर वार करी आणि रक्त त्यांच्या अंगावर शिंपडी. एवढ्यानेही ते हटले नाहीत, तर कट्यार स्वतःच्या गळ्याला लावी. दोन संस्थानिकांमध्ये करार झाला की त्याला जामीन म्हणून भाट उभा राहत असे. न्यायालय नाही, पोलीस नाही, अशा काळात भाटाचा गळा हाच कराराचा शिक्का. गुजरातेतल्या कित्येक गावांच्या वेशीवर असे पाळिये, म्हणजे स्मारकशिळा, अद्याप उभे आहेत. काहींवर स्वतःच्याच देहात शस्त्र खुपसणारा चारण कोरलेला दिसतो. अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रासमाळा’ या गुजरातच्या इतिहासात या चालीची नोंद आहे. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रख्यात कोशात तर ‘त्रागा’ हा स्वतंत्र शब्द म्हणूनच आला आहे. धरण्याचे अत्यंत टोकाचे रूप, असा त्याचा अर्थ तेथे दिला आहे.

आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात राहणाऱ्या आमच्यासारख्या धर्मगुरूला काठेवाडच्या भाटांचे काय, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर एका ग्रंथात आहे. आपला भाग पूर्वी ‘मध्य प्रांत’ या इलाख्यात मोडत असे. चांदा हा त्यातला एक विस्तीर्ण जिल्हा. त्याचेच पुढे चंद्रपूर झाले आणि १९८२ साली त्यातून गडचिरोली वेगळा काढला गेला. या मध्य प्रांतातील जातीजमातींवर आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी चार खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९१६ साली बाहेर पडला. पण तो पाहायला रसेल उरले नव्हते. १९१५ च्या डिसेंबरात भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ नावाची बोट पाणबुडीने बुडवली, तीत त्यांचा अंत झाला. गोंडांविषयी काही वाचावे म्हणून आम्ही नागपूरच्या एका जुन्या ग्रंथालयात हे खंड उघडले होते. गोंड राहिले बाजूला, भाटांचे प्रकरण उघडले गेले आणि त्यात ही हकिकत भेटली.

सन १८०६. काठेवाडातील मालिया येथील ठाकूर दोसाजी याने गायकवाड सरकारला काही रक्कम देण्याचे कबूल केले होते आणि त्याच्या वतीने एक भाट जामीन राहिला होता. मुदत भरली. दोसाजीने पैसे देण्याचे नाकारले. सरकारने जामिनाला धरले. भाटाने दोसाजीकडे अनेक खेपा घातल्या, विनवण्या केल्या, व्यर्थ. मग तो घरी परतला, काही काळ प्रार्थनेत घालवला, कुटुंबाला एकत्र बोलावले आणि सात वर्षांच्या मुलीला त्राग्यासाठी तयार करण्यास पत्नीला सांगितले. मुलीला न्हाऊ घातले, तिने आपले सर्वांत चांगले कपडे घातले. आपल्या कुळाचे पावित्र्य काय आणि असा प्रसंग आला तर काय करायचे असते, हे तिला जन्मापासून शिकवलेले होते. ती बापाच्या गुडघ्यावर डोके ठेवून बसली आणि मानेवरचे लांब केस तिने आपल्याच हाताने बाजूला धरले.

तिचे रक्त ठाकुराच्या दरवाज्यावर शिंपडले गेले, तेव्हा पैसे ताबडतोब मिळाले. शिवाय बापाला जमीन मिळाली आणि मुलीसाठी सुंदर छत्री बांधली गेली. तिचे नाव या हकिकतीत कोठेही नाही. दोसाजीचे आहे, बापाचे आहे.

तिने हाताने बाजूला धरलेले ते केस आम्ही त्या दिवसापासून विसरू शकलेलो नाही. बायबलच्या वाचकाला येथे शास्त्यांच्या पुस्तकातला इफ्ताह आठवेल. त्यानेही शब्द दिला होता आणि त्या शब्दाची किंमत त्याच्या एकुलत्या एका मुलीने मोजली. तिचेही नाव शास्त्राने नोंदवले नाही. मोठ्यांच्या शब्दाला मुलींनी जामीन राहावे, ही चाल एकट्या काठेवाडची नव्हे.

या घटनेत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पैसे मागणारे सरकार गायकवाडांचे, म्हणजे मराठ्यांचे होते. पेशवे आणि गायकवाड यांच्या फौजा काठेवाडात मुलुखगिरीला जात आणि खंडणी वसूल करीत; मागोमाग मराठी कारकून जात. करारांचे कागद, जामीनकतबे, थकबाकीचे हिशेब हे सारे त्यांच्या हाताखालून जाई. हा शब्द मराठीच्या घरात कोणत्या दाराने आला असावा, हे शोधायला आम्हाला फार लांब जावेसे वाटत नाही.

त्राग्याचा सौम्य सोयरा म्हणजे धरणे. तो तर मराठ्यांच्या छावणीत रोजचा होता. टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली शिंद्यांच्या लष्करासोबत राहून जी पत्रे लिहिली, त्यांत पगार थकला की शिपाई धरणे कसे धरीत, याचे वर्णन आहे. सावकार, भिक्षुक, शिपाई, सारेच हा उपाय करीत. रीत अशी होती की धरणेकरी दाराशी उपाशी बसला की आतल्या ऋणकोनेही जेवायचे नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना भूक; आधी कोणाचा धीर सुटतो, एवढाच प्रश्न. काशीच्या ब्राह्मणांमध्ये याहून भयंकर प्रकार चालत. सर जॉन शोअर यांनी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७९५ च्या खंडात दोन भावांची हकिकत दिली आहे. त्यांनी आपल्या आईचा शिरच्छेद केला. हेतू हा, की चाळीस दिवस मोठा ढोल वाजवून तिचा आत्मा चेतवावा आणि तो शत्रूच्या मागे लावावा. हेतूत आईही सामील होती, हे वाचताना अंगावर काटा येतो.

असे हे शस्त्र केवळ आपल्याच देशात होते, असे मात्र नाही. सर हेन्री मेन या विधिज्ञाने १८७५ साली दाखवून दिले की आयर्लंडच्या प्राचीन कायद्यातही ऋणकोच्या दाराशी उपाशी बसण्याची तरतूद होती. तिला ‘ट्रोस्काद’ म्हणत. उपाशी बसलेल्याची जो दाद घेणार नाही, त्याला देवाकडे वा माणसांकडे न्याय मागण्याचा हक्क उरत नसे. आयरिश लोकांनी आपल्या संत पॅट्रिकलाही यातून सोडले नाही. तो डोंगरावर चाळीस दिवस उपाशी बसला आणि मागण्या मान्य झाल्याखेरीज खाली उतरेना, अशी त्याची जुनी चरित्रे सांगतात. म्हणजे संताने साक्षात देवाच्या दाराशी धरणे धरले! सेमिनरीत या गोष्टी आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या. सांगितल्या असत्या, तर उपवासकाळातील आमच्या मनोनिग्रहात काही भर पडली असती की उणे झाले असते, देव जाणे.

कायद्याने या चालीचा बंदोबस्त केला. बनारससाठी १७९५ मध्येच नियम झाला. पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ५०८ आले. दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हा त्यात गुन्हा ठरवला आहे आणि कलमाखाली दोन उदाहरणे दिली आहेत. एक, दाराशी धरणे धरून बसणारा. दुसरे, तू अमुक केले नाहीस तर मी माझेच मूल मारीन, अशी धमकी देणारा. शब्द वापरलेला नाही, पण हा त्रागाच आहे. मालियाच्या त्या मुलीची सावली कायद्याच्या पुस्तकात अशी पडून राहिली आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम ३५४ मध्ये ही तरतूद पुढे चालू आहे.

दैवी कोपाचा धाक ओसरला, न्यायालये आली आणि शस्त्र बोथट झाले. शब्द मात्र मेला नाही. तो रणांगणातून घरात आला. सुनांच्या, लेकरांच्या, म्हाताऱ्यांच्या वाट्याला आला. रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथातही धरण्याचे विवेचन संपता संपता लेखक घरातल्या रुसण्याकडे वळतात, ते आम्हाला फार मार्मिक वाटते. रामायणातील कैकेयी क्रोधागारात जाऊन जमिनीवर पडते, दागिने फेकून देते, तोही त्रागाच. तिने दशरथावर हात उगारला नाही. स्वतःला धुळीत लोटले आणि राजाला ते पाहायला लावले.

येथेच राग आणि त्रागा यांची वाट वेगळी होते, असे आमचे मत आहे. राग एकांतातही येतो. एकांतात त्रागा करता येत नाही. त्याला एक दार लागते आणि दाराआड कोणीतरी ऐकणारा लागतो. निनवे शहरावर दया झाली म्हणून योना संदेष्टा शहराबाहेर जाऊन बसला आणि वेल सुकला म्हणून त्याने मरण मागितले. तो कोणाला ऐकवत होता, हे उघड आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ मेजवानी चालू असताना बाहेर उभा राहिला, तोही आत ऐकू जावे म्हणूनच. दोन्ही ठिकाणी आतला धनी बाहेर येऊन बोलतो, हे विशेष.

उपोषण आणि त्रागा यांच्यातील सीमारेषा किती पुसट आहे, हे गांधीजींइतके कोणी पारखले नसेल. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांनी धरणे धरले, तेव्हा त्यांनी त्या प्रकाराला रानटी म्हणून फटकारले. स्वतःच्या बाबतीतही ते तितकेच कठोर होते. १९१८ च्या अहमदाबाद गिरणीसंपातील उपवासाने मालकांवर दडपण आले, तेवढा त्यात दोष होता, असे त्यांनी आत्मकथेत मान्य केले. १९३९ साली त्यांनी राजकोटला उपवास केला, निवाडा त्यांच्या बाजूने लागला आणि तरीही त्या उपवासात शुद्धता नव्हती असे सांगून त्यांनी त्या निवाड्यावर पाणी सोडले. राजकोट काठेवाडात आहे, हा योगायोग आम्हाला विचार करायला लावतो. आपल्या मायभूमीचे जुने शस्त्र आपल्या हाती आले की काय, अशी शंका त्यांच्या मनाला शिवली असेल का? १९२० मध्ये कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी चौऱ्याहत्तर दिवसांच्या उपोषणानंतर लंडनच्या तुरुंगात मरण पावले, तेव्हा ही आत्महत्या की हौतात्म्य यावर कॅथलिक पंडितांमध्ये मोठा वाद झाला. त्या वादाचा निकाल येथे लावण्याचा आमचा अधिकार नाही.

आता आमच्या स्वतःच्या चुकीबद्दल. त्या ग्रंथालयात त्या पानावर आम्ही एवढा वेळ का थांबलो, हे त्याशिवाय कळणार नाही.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही गडचिरोली जिल्ह्यातील एका केंद्रावर नवेच होतो. मे महिन्यात तेंदूचा हंगाम होऊन गेला होता. पहाटे रानात जायचे, पाने तोडायची, घरी आणून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे, हे काम घरातले लहानथोर सारेच करतात; वर्षाचे रोख पैसे त्यातूनच येतात. त्या वर्षी एका ठेकेदाराने एका गावाची मजुरी थकवली होती. पाऊस तोंडावर आला, बियाण्याला पैसा हवा होता. एके सकाळी एक गोंड गृहस्थ ठेकेदाराच्या गोदामाच्या फाटकाशी येऊन बसला. सोबत सातआठ वर्षांची मुलगी. घोषणा नाही, फलक नाही. दुसऱ्या दिवशीही तो तेथेच. रात्री पाऊस पडला, तरी उठला नाही. मुलगी त्याच्या घोंगडीत शिरून झोपली होती.

गोदामाचा मुनीम आमच्याकडे आला. “फादर, तुमचे ऐकतील हे लोक. पोरीला ताप आला तर नसती पीडा आमच्या गळ्यात.” आम्ही गेलो. मुलीची काळजी होती, हे खरे. मुनिमाने आपल्याला मान दिली याचा संतोषही होता, हेही खरे. आम्ही त्या गृहस्थाला म्हणालो, “काका, हिशेब होईल सावकाश. लेकराला घेऊन असा उगीच त्रागा कशाला करता?”

त्याने वर पाहिले. “मी त काही नाही करत जी फादर,” तो म्हणाला. “मी बसून आहो.”

आम्ही मुलीला तेवढे केंद्रावर नेऊन पेज पाजली आणि तिला कोरडे कपडे दिले. तो बसूनच राहिला. चौथ्या दिवशी मुनिमाने निम्मी रक्कम आणून दिली, उरलेली पोळ्याच्या सुमारास मिळाली. आम्ही त्या प्रकरणात काही केले, असे म्हणता येणार नाही. आम्ही फक्त एक शब्द वापरला होता आणि तो दाराच्या आतल्या बाजूने उच्चारला होता.

पुढे दोन वर्षांनी नागपूरला ते पान वाचले. मग एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती आजवर खोटी ठरलेली नाही. ‘मी त्रागा करतो आहे’ असे कोणी म्हणत नाही. हा शब्द नेहमी दुसऱ्याविषयी वापरला जातो, आणि वापरणारा बहुधा तो असतो ज्याच्या दाराशी कोणी बसले आहे. सासू सुनेविषयी म्हणते, साहेब कारकुनाविषयी म्हणतो, धर्मगुरू मजुराविषयी म्हणतो. एके काळी हा शब्द कानावर पडला की मालियाच्या ठाकुराच्या पोटात गोळा येत असे. आज तो उच्चारला की दाराशी बसलेलाच खाली पाहतो. रक्त गेले, हे उत्तमच झाले. पण त्यासोबत ऋणकोच्या मनातली भीतीही गेली. हा हिशेब आम्हाला पुरता जमाखर्चाचा वाटत नाही.

काळ बदलला. २००६ साली वनहक्क कायदा झाला. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतःच करतात. आमचीही बदली दूरच्या केंद्रावर झाली. तरी मागल्या वर्षी त्या बाजूला जाण्याचा योग आला, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून त्या गृहस्थाच्या घरी गेलो. तो आता थकला आहे. अंगणात खाट टाकून दिली, पाणी दिले. आम्ही जुनी गोष्ट काढली आणि त्या दिवशी आपण तुम्हाला त्रागा करता असे म्हणालो, ते चुकले, असे सांगितले. त्याने बराच वेळ आमच्याकडे पाहिले.

“त्रागा म्हंजे का जी, फादर?”

त्याला तो शब्दच ठाऊक नव्हता. आम्ही सांगायला सुरुवात केली. काठेवाड नावाचा एक मुलूख होता, तेथे एका माणसाचे पैसे अडले होते, येथवर आलो. ओसरीत त्याची तीच मुलगी माहेरपणाला आलेली, सुपात मोहफुले घेऊन निवडत बसली होती आणि कान देऊन ऐकत होती. तिच्या मांडीवर तिची लेक झोपली होती.

“मग?” म्हाताऱ्याने विचारले.

“मग त्याला पैसे मिळाले,” आम्ही म्हणालो.